कॉलेजातच ओजेटी: न्यूरोडायव्हर्स विद्यार्थ्यांसाठी १२० तासांचं काम कसं आखायचं

सत्र सुरू होऊन दोन आठवडे झाले, की एनईपी (राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) समन्वयकांपुढे नेहमीचा प्रश्न उभा राहतो: इतक्या मुलांना ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, पाठवायचं कुठे? चार श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे १२० तास, आणि तालुक्याच्या गावी कंपन्या मोजक्याच. त्याच कॉलेजात डिसलेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण) किंवा ऑटिझम असलेली, म्हणजेच न्यूरोडायव्हर्स (मेंदूची कामाची पद्धत वेगळी असलेली) मुलं परीक्षेच्या सूचनेत, कार्यालयाच्या खिडकीपाशी, वाचनकक्षाच्या गोंगाटात अडलेली असतात. काही मुलांना काम हवंय आणि कॉलेजात काम पडून आहे. समान संधी कक्षाच्या (दिव्यांग आणि वंचित विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या कॉलेजातल्या कक्षाच्या) देखरेखीखाली या दोन्हींची सांगड घालता येते. मानसशास्त्र, समाजकार्य, बी.एड., संगणकशास्त्र आणि माध्यम अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना हे काम विशेष जमतं.

मात्र एक गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवून कागदावर घ्या: या ओजेटीत कुणालाही ‘सुधारायचं’ नाही. काम करायचं ते सूचना, अर्ज, खोल्या, वेळापत्रक आणि परीक्षेच्या व्यवस्थेवर. हे लिहून घेतलं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात ओजेटीची मुलं समुपदेशक बनतात, पाचव्यात निदान करू लागतात, आणि आठव्यात ज्यांच्यासाठी हे चाललंय ती मुलं कक्षाकडे फिरकेनाशी होतात.

सुरुवातीची कागदपत्रं

राज्यात नव्या श्रेयांक आराखड्यानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांची ओजेटी असते. पदवीला ती सहसा शेवटच्या वर्षात येते. एका श्रेयांकाला ३० तास हे गणित यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) इंटर्नशिप मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. आपल्याच संस्थेतला विभाग ‘प्रशिक्षण देणारी संस्था’ म्हणून चालतो का, हे आधी विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहा. चालत नसेल तर दोन वाटा उरतात. दोन शेजारच्या कॉलेजांनी परस्पर करार करून एकमेकांची मुलं घ्यावीत, किंवा हेच काम फील्ड प्रोजेक्ट अथवा समाजसहभाग उपक्रमात बसवावं. तिथे श्रेयांक कमी असतात, म्हणून कामही तेवढंच कापावं. १२० तासांचं काम ६० तासांत कोंबलं, की हाती फक्त पोस्टर लागतं.

करारात पाच गोष्टी हव्यात: कामाचं लेखी वर्णन, मार्गदर्शकाचं नाव, आठवड्याचे तास, गोपनीयतेचं हमीपत्र, आणि ‘या मुलांना कार्यालयीन डेटा एंट्रीला लावणार नाही’ हे वाक्य. पाचवी गोष्ट गमतीची वाटेल, पण प्रवेशाच्या किंवा परीक्षा अर्जांच्या दिवसांत मोकळी दिसणारी चार मुलं कार्यालय सोडत नाही. प्राचार्यांच्या सहीचं वाक्य तेव्हा कामी येतं.

एका मार्गदर्शकाकडे चार ते सहा मुलं पुरेत. त्याहून जास्त झाली, की आठवड्याची बैठक निव्वळ हजेरी होऊन बसते.

कायद्याचं किती माहीत हवं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिसलेक्सिया यातच येतो) आहेत. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांकडे दाखवायला प्रमाणपत्रच नसतं. ओजेटीतून उभी राहणारी कुठलीही सोय प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवू नका, याचं पहिलं कारण हेच. सोपी भाषा, शांत कोपरा, आधी कळवलेलं वेळापत्रक हे सगळ्यांसाठी खुलं असलं म्हणून कुणाचं काही जात नाही. प्रमाणपत्र लागतं ते परीक्षेतल्या सवलतींना आणि आरक्षणाला. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी आहेत.

परीक्षेसाठी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतले आकडे मुलांना तोंडपाठ हवेत; २०२५ मध्ये केंद्राने सुधारित तत्त्वं काढली, तीही सोबत ठेवा. लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते लिहून देणारा) घेणाऱ्याला, किंवा घेण्यास पात्र असूनही न घेणाऱ्याला, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, अडीच तासांच्या पेपरला ५०, तीन तासांच्या पेपरला एक तास. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावं, असं २०१८ च्या तत्त्वांत होतं. ४० टक्क्यांची अट घालून लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलं. त्या उमेदवाराला हाताने लिहिण्यातच अडचण होती. त्यानंतर ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्यांसाठी २०२२ मध्ये वेगळी तत्त्वं आली. त्यांत लिहिण्याची अडचण असल्याचं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागत असे. विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश याच्याशी ताडून एका पानावर मांडणं, हे ओजेटीचं पहिल्या पंधरवड्याचं उत्तम काम आहे. परीक्षा विभागाकडे असं पान बहुधा नसतं आणि ते त्यांनाही हवंच असतं.

निवड: गटचर्चा नको

गटचर्चेत जो मोठ्याने बोलतो तो निवडला जातो, आणि या कामात त्या गुणाचा फारसा उपयोग नाही. त्याऐवजी कॉलेजच्या फलकावरची खरी सूचना द्या आणि ‘ही सहा ओळींत लिहून आणा’ असं सांगा. मुदत दोन दिवस. मुलाखतीचे तीन-चार प्रश्नही दोन दिवस आधी ई-मेलने पाठवा. उत्तरं पाठ करून येतील, ही भीती सोडा. विचार करून येतील.

ओजेटीला येणाऱ्यांतही न्यूरोडायव्हर्स मुलं असणारच, आणि असावीत. ‘तुला काही आहे का?’ असं कुणालाही विचारू नका. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘काम नीट व्हावं म्हणून तुला काय लागेल?’ कुणी सांगेल लेखी सूचना, कुणी सांगेल सकाळची वेळ, कुणी म्हणेल गर्दीच्या वेळी एसटीने यायला नको. मिळणारी उत्तरं पुढच्या नियोजनाला थेट उपयोगी पडतात.

१२० तासांची वाटणी

बारा आठवडे, आठवड्याला दहा तास.

- प्रशिक्षण: १२ तास, पहिल्या दोन आठवड्यांत
- निरीक्षण आणि मोजणी: २० तास
- विद्यार्थ्यांचं म्हणणं ऐकणं: १२ तास
- मुख्य काम: ४८ तास
- केलेलं काम वापरून बघणं आणि दुरुस्ती: १० तास
- साप्ताहिक बैठक आणि नोंदवही: १२ तास
- अहवाल आणि हस्तांतरण: ६ तास

कोष्टक नीटनेटकं दिसतं, प्रत्यक्षात दुसरं सत्र असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कॉलेजात कुणीच जागेवर नसतं. अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिकं, बाहेरचे परीक्षक. म्हणून शेवटाकडून मागे मोजा आणि मुख्य काम फेब्रुवारीअखेर संपेल असं बघा. स्नेहसंमेलनाचा आठवडा कामात धरूच नका; आवाजाची मोजणी करायला मात्र तो सोन्यासारखा.

प्रशिक्षणाच्या बारा तासांतले निम्मे न्यूरोडायव्हर्स विद्यार्थ्यांनी किंवा माजी विद्यार्थ्यांनी घ्यावेत, आणि त्यांना बाहेरच्या व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन द्यावं. त्यासाठी अंदाजपत्रकातलं व्याख्यात्यांच्या मानधनाचंच शीर्ष वापरा. अनुभव फुकट मागायचा आणि तज्ज्ञाला पाकीट द्यायचं, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. डोळे बांधून चालणं, उलटी अक्षरं वाचायला लावणं असले ‘अनुभव घ्या’ खेळ टाळा. त्यातून डिसलेक्सिया कळत नाही, दहा मिनिटांची कीव तेवढी उरते.

बैठक आणि कामाची चिठ्ठी

हा भाग लहान आहे, पण ओजेटी बहुतेक वेळा इथेच फसते. न्यूरोडायव्हर्स मुलांसाठी स्पष्ट सूचना हव्यात म्हणणारा मार्गदर्शक जिन्यात भेटल्यावर ‘ते जरा बघून घे’ म्हणून पुढे निघून जातो. बैठक दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खोलीत, ४५ मिनिटं. विषयपत्रिका आदल्या संध्याकाळी. ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी लेखी. उरलेली १५ मिनिटं नोंदवहीसाठी.

प्रत्येक कामाची पाच ओळींची चिठ्ठी करा: काम काय, कुणासाठी, ‘झालं’ कधी म्हणायचं, तारीख, अडल्यास कुणाला विचारायचं. तिसरी ओळ सगळ्यांत अवघड. ‘वाचनकक्षाचा अहवाल करा’ हे काम नाही. ‘वाचनकक्षातल्या बारा टेबलांची तीन वेळची आवाजनोंद एका तक्त्यात, शुक्रवारपर्यंत’ हे काम आहे.

मुख्य काम निवडताना

खालच्या चारपैकी एका गटाने एकच घ्यावं. दोन घेतली की दोन्ही अर्धी राहतात.

सूचना आणि अर्ज हे सर्वांत जास्त फळ देणारं काम. नमुना पाहा:

‘सर्व संबंधित विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, ज्या विद्यार्थ्यांना लेखनिकाची सुविधा आवश्यक आहे त्यांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित नमुन्यातील अर्ज परीक्षा विभागात विहित मुदतीत सादर करावेत, अन्यथा होणाऱ्या नुकसानीस विद्यार्थी स्वतः जबाबदार राहतील.’

यात कोणती कागदपत्रं, कोणता नमुना, कोणती मुदत, काहीच नाही; धमकी तेवढी स्पष्ट आहे. नवी सूचना अशी:

‘परीक्षेत लेखनिक हवा आहे का?
अर्ज कुठे: खिडकी क्र. ३ किंवा परीक्षा विभागाचा ई-मेल.
शेवटची तारीख: सोमवार, १० मार्च, दुपारी ४ पर्यंत.
सोबत जोडा: अपंगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाची प्रत.
यातलं काही नसेल तर: ३ मार्चपूर्वी समान संधी कक्षात भेटा.
उत्तर कधी: अर्ज दिल्यावर तीन कामाच्या दिवसांत, ई-मेलने.’

शेवटची ओळ मूळ सूचनेत नव्हतीच. ती मिळवण्यासाठी मुलांना परीक्षा विभागात दोन-तीनदा जावं लागेल, आणि खरं काम तेच आहे. भाषा सोपी करणं एका दुपारचं; विभागाकडून मुदत कबूल करून घेणं तीन आठवड्यांचं.

टंकाचीही (फॉन्टची) गोष्ट इथेच सांगायला हवी. अनेक कार्यालयांत अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या टंकांत मजकूर टाइप होतो. कागदावर तो नीट दिसतो, पण मोबाइल तो वाचून दाखवू शकत नाही. अक्षरांमागे भलतेच संकेत असतात. डिसलेक्सिया असलेली बरीच मुलं मजकूर ऐकून वाचतात, त्यांच्यासाठी ही सूचना नसल्यात जमा. तसंच शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा सूचनेचा फोटो. उपाय: युनिकोड मराठी, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोकळा टंक, किमान १४ आकार, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळी ठेवलेली कडा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधली अंतरं कमीजास्त होतात आणि नजर ओळ सोडते. फोटो पाठवायचाच असेल तर त्याखाली तोच मजकूर टाइप करून द्या. तपासणी सोपी आहे: मोबाइलवर मजकूर निवडा आणि वाचून दाखवायला सांगा. अँड्रॉइडवर गुगलचा मराठी आवाज आहे. संगणकावर एनव्हीडीए हे मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालतं.

दुसरं काम आवाज आणि उजेडाचा नकाशा. वाचनकक्ष, उपाहारगृह, परीक्षा हॉल, कार्यालयाच्या खिडक्या, मोठे जिने. प्रत्येक जागी सकाळी साडेदहा, दुपारी एक आणि चार वाजता नोंद, असे किमान पाच कामाचे दिवस. मोबाइलचं डेसिबल अॅप अचूक नसतं, म्हणून एकच मोबाइल, तीच जागा, तीच उंची. आकडे फक्त आपसांत तुलनेला वापरा, अहवालात ‘प्रमाणित मापन’ म्हणून लिहू नका. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवतंच असं नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. मोबाइलच्या स्लो मोशन चित्रीकरणात ही लुकलुक दिसते. अशा ट्यूबांची खोलीवार यादी द्या. एलईडी बसवण्याचा प्रस्ताव वीजबचतीच्या नावाखाली लवकर मंजूर होतो, हा व्यवहार मुलांनी शिकावाच. बाकी उपाय स्वस्त आहेत: बाकांच्या पायांना रबरी टोप्या, खडखडणाऱ्या पंख्यांची दुरुस्ती, दरवाजा आणि रस्त्यापासून लांबच्या चार जागा ‘शांत जागा’ म्हणून राखीव, कक्षात मागितल्यावर मिळतील असे चार-पाच आवाजरोधक इअरमफ. आणि एक दिनदर्शिका: ढोल-ताशाचा सराव, शेजारच्या मंडपाचे स्पीकर, जनरेटरची चाचणी, अग्निशमन कवायत, वेळेसह. आवाज थांबवणं नेहमी हातात नसतं, पण आधी कळलं तर त्या दिवशी कुठे बसायचं हे ठरवता येतं.

तिसरं, नवीन विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रांची वाटपुस्तिका. बोनाफाइड कसं मिळवायचं, याची आठ-दहा छायाचित्रं: फाटक, इमारत, जिना, खिडकी, अर्ज कसा दिसतो, कुणाची सही कुठे, शुल्क कुठे भरायचं, परत कधी यायचं, आणि खिडकी बंद असेल तर काय करायचं. शेवटचं पान सगळ्यांत महत्त्वाचं, कारण ठरलेला क्रम मोडला की बरीच मुलं तिथूनच परत फिरतात. छायाचित्रात विद्यार्थ्यांचे चेहरे नकोत. खिडक्यांचे क्रमांक दरवर्षी बदलतात, म्हणून पुस्तिका छापू नका. बदलता येईल अशी फाइल ठेवा.

चौथं, सोबतीचा अभ्यास. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या खोलीत दोन तास. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. सुरुवातीला प्रत्येकाने आज काय करणार ते चिठ्ठीवर लिहायचं, शेवटी काय झालं ते. ओजेटीचा विद्यार्थी शिकवत नाही, घड्याळ सांभाळतो आणि स्वतःचं काम करतो. एडीएचडी असलेल्या अनेकांना शेजारी कुणी काम करत असेल तर सुरुवात करणं सोपं जातं. पहिल्या तीन सत्रांना दोघं-तिघंच येतील. वेळ बदलू नका. वेळ बदलली की येणारे दोघंही तुटतात. हजेरी नावाने घेऊ नका, फक्त संख्या लिहा.

ऐकण्याचे बारा तास

गटबैठकीला ज्यांचं ऐकायचं तेच येत नाहीत. म्हणून तीन मार्ग एकाच वेळी ठेवा: निनावी ऑनलाइन अर्ज, चॅटवर लेखी गप्पा, आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी समोरासमोर २० मिनिटं, प्रश्न आधी पाठवून. प्रश्न निदानाचे नकोत, अडथळ्यांचे हवेत: गेल्या महिन्यात कॉलेजातलं कोणतं काम अर्धवट सोडलं? कोणत्या खोलीत बसणं टाळतोस? कोणती सूचना दोनदा वाचूनही कळली नाही? पाच-सहा प्रश्नांच्या पुढे जाऊ नका.

ओजेटीच्या मुलांनी कुणाचंही प्रमाणपत्र पाहायचं नाही, त्याची प्रत मोबाइलवर घ्यायची नाही, नावांची एक्सेल यादी करायची नाही. यादी एकदा वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात गेली की परत घेता येत नाही. नाव आणि अडचण एकत्र नोंदवायचीच वेळ आली, तर ती नोंद कक्षप्रमुखांकडे राहील. मुलांकडे फक्त सांकेतिक क्रमांक.

हद्दही इथेच आखून द्या. कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा तीव्र निराशेबद्दल बोललं, तर ओजेटीच्या विद्यार्थ्याने सल्ला द्यायचा नाही आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही द्यायचं नाही. त्याच दिवशी मार्गदर्शक किंवा समुपदेशकाला कळवायचं. रात्रीची वेळ असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. हे तीन ओळींत छापून प्रत्येकाच्या नोंदवहीत चिकटवा. उलट बाजूने, ‘सर, त्या मुलाला नक्की ऑटिझम आहे’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवा. इंटरनेटवरच्या चाचण्या मित्रांना देणं हा करारभंग धरावा. प्रौढ वयात तपासणी करून घ्यायची इच्छा विद्यार्थ्याने स्वतः व्यक्त केली, तर कक्षाने जिल्हा रुग्णालयाची माहिती द्यावी, ओजेटीच्या मुलांनी नव्हे.

मूल्यमापन

१०० गुण असतील तर एक वाटणी अशी: नोंदवही २०, प्रत्यक्ष वापरात आलेलं काम ४०, हस्तांतरण २०, तोंडी परीक्षा २०. तोंडी परीक्षेला लेखी उत्तरांचा किंवा चित्रफितीचा पर्याय ठेवा, आणि तो सगळ्यांना द्या. ‘वापरात आलेलं’ हे शब्द महत्त्वाचे. बदललेली सूचना फलकावर लागली का? परीक्षा विभागाने नवा नमुना स्वीकारला का? स्वीकारला नसेल तर का, हे नोंदवहीत तारखेसह असेल तरी गुण द्या. नकार कसा आला याची नोंद पुढच्या गटाच्या उपयोगी पडते. २ एप्रिलच्या ऑटिझम जागरूकता दिनाचं पोस्टर प्रदर्शन यात धरू नका. करायचं असेल तर हौसेने करा, श्रेयांकात नको.

हस्तांतरण

शेवटच्या सहा तासांत तीन गोष्टी तयार व्हाव्यात. सगळ्या फाइली कक्षाच्या ई-मेल खात्यावर, कारण विद्यार्थ्याच्या खाजगी ड्राइव्हवरच्या फाइली त्याच्यासोबत कॉलेज सोडून जातात. दोन पानांची टिपणी: काय झालं, काय अडलं, कोणत्या विभागात कुणाशी बोलायचं (पदाने लिहा, नावाने नको, बदल्या होतात). आणि जूनमध्ये करायच्या कामांची तारीखवार यादी: वाटपुस्तिकेतले खिडकी क्रमांक तपासणं, आवाजाच्या दिनदर्शिकेत गणेशोत्सवाच्या तारखा भरणं, लेखनिक म्हणून यायला तयार असलेल्यांची नवी नोंद, शांत जागांवर रचलेले जुने बाक हलवणं. एक प्रत आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) द्या. मूळ प्रत मात्र कक्षातच ठेवा, नाहीतर ती मूल्यांकनाच्या कपाटात जाईल आणि नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) समिती येईपर्यंत बाहेर निघणार नाही.